तंगूस की विणलेला दोरा

त्या शनिवारी मी वडिलांच्या गळाचा तंगूस काढला आणि त्या जागी दुसरा दोरा बांधला. त्यानंतर दोन महिन्यांनी वडील गेले.

हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की एवढी दोन वाक्यं लिहून वही मिटावी. पण ज्यांनी मला विचारलं नाही त्यांनाही कधीतरी मधलं सांगायला हवं.

वडिलांना मी अण्णा म्हणायची. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. नोकरीभर पाण्याच्या पाळ्या, कालव्याच्या चाऱ्या आणि शेतकऱ्यांची भांडणं सांभाळून ते निवृत्त झाले आणि सेलूच्या घरात येऊन राहिले. त्यांना दोनच नाद होते, वाचणं आणि गळ टाकणं, आणि ते दोन्ही एकाच वेळी करत. दुधना नदीच्या धरणाचं पाणी जिथे पसरट होतं, तिथे एका बाभळीखाली पोतं अंथरून बसायचं. कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून केलेली गोळी गळाला लावायची, शिशाचा तुकडा बांधलेला दोरा हातानं लांब फेकायचा, आणि त्याच दोऱ्याचे दोन वेढे उजव्या पायाच्या अंगठ्याला द्यायचे. मग पुस्तक उघडायचं. काठी त्यांनी कधी वापरली नाही. काठीला एक हात लागतो आणि पुस्तकाला दोन, असं त्यांचं म्हणणं. मासा लागला की अंगठ्याला हिसका बसायचा. अण्णा पानात बोट घालून पुस्तक मिटायचे, तोवर वेढे आपोआप सैल होऊन निसटलेले असायचे, आणि मग ते सावकाश दोरा ओढायला घ्यायचे.

वेढे निसटायचे, कारण दोरा तंगुसाचा होता. तंगूस म्हणजे नायलॉनची एकच गुळगुळीत तार. पाण्यात दिसत नाही, थोडी ताणली जाते, आणि ताठ असल्यामुळे वेढ्यात राहायला तिला आवडत नाही. हे मला तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मला वाटायचं, अण्णांना वेढे देण्याची हातोटी आहे.

मी सेलूतल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. लग्न केलं नाही, आईवडिलांजवळच राहिले. अण्णांना पुस्तकं मीच आणून द्यायची आणि रविवारी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून धरणावर जायची. ते वाचायचे, मीही वाचायची. दुपारपर्यंत आमच्यात दहा वाक्यं झाली तर खूप.

मग त्यांना शुगर निघाली. काही वर्षांनी पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या, आणि नंतर मुंग्याही यायच्या बंद झाल्या. एका तपासणी शिबिरात नर्सबाईंनी आईला नीट बसवून सांगितलं की यांच्या पायाला काही काचू देऊ नका, यांना कळणार नाही. आई घरी आली, तिनं चहा ठेवला नाही, पाणी प्यायली नाही, तशीच अण्णांपुढं उभी राहून हात पुढं केला.

"पायाला दोरा बांधनार न्हाई म्हना."

"बरं."

"बरं न्हाई. हातावर हात ठिवून म्हना."

अण्णांनी हात ठेवला आणि म्हणाले. मी शेजारीच होते. पुढच्या रविवारी बाभळीखाली त्यांनी चप्पल काढली, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि अंगठ्याला दोन वेढे दिले. मी पुस्तकात डोकं घातलं. आईपासून लपवणं आमच्या घरात तेव्हापासून होतं. त्यात मी पहिल्या दिवसापासून सामील होते.

गेल्या वर्षी हिवाळ्यात अण्णांना मासे मिळेनासे झाले. गोळी खाल्लेली असायची आणि गळ रिकामा यायचा. दोन रविवार, चार रविवार असंच.

"कळंनाच झालंय बाई," ते एकदा म्हणाले. ते मला बाई म्हणायचे. "तो खाऊन जायलाय अन् मी हितं वाचत बसायलोय."

त्यानंतर त्यांनी पुस्तक न्यायचं सोडलं. दोरा हातात धरून नुसतं पाण्याकडं बघत बसायचे. बोटांतही पूर्वीइतकं कळत नव्हतं, म्हणून दोरा कधी या बोटावर, कधी त्या बोटावर घ्यायचे. मी शेजारी वाचत बसले की मला चोरासारखं वाटायचं. घरीही त्यांचं वाचन कमी झालं. मी आणलेली पुस्तकं खिडकीत तशीच राहायची, मुदत संपली की मी ती परत न्यायची. त्यांचे मासे गेले याचं मला काही नव्हतं. ते वाचायचे थांबले, ते मला बघवत नव्हतं.

म्हणून मी वाचायला बसले. काहीही अडलं की मी वाचते, ही माझी खोड आहे. फोनवर गळ, दोरे, गाठी, जे सापडेल ते आठवडाभर वाचलं, व्हिडिओ पाहिले, वहीत टिपणं काढली. प्रश्न एकच होता, तंगूस की विणलेला दोरा. वहीच्या पानावर मी मधोमध रेघ मारली होती. तंगुसाच्या बाजूला लिहिलं होतं की तो ताणतो, त्यामुळे माशाचा हिसका वाटेतच मरतो आणि हातापर्यंत पोचत नाही. विणलेल्याच्या बाजूला लिहिलं होतं की बारीक धागे वेणीसारखे विणलेले असतात, अजिबात ताणत नाही, लांबवर माशानं नुसतं तोंड लावलं तरी कळतं. शिवाय तितक्याच जाडीच्या तंगुसापेक्षा कितीतरी मजबूत. तोटेही लिहिले होते. पाण्यात दिसतो. महाग. ओल्या हातानं जोरात ओढल्यास बोट कापतं, हातमोजे घालावेत.

तो शेवटचा तोटा मी माझ्या हातानं लिहिला आहे. वाचून मी ठरवलं की अण्णांना दोरा ओढताना फडकं गुंडाळायला सांगायचं. ज्यांनी ते सगळं लिहिलं होतं, त्यांच्या हातात काठी होती आणि काठीला चक्र होतं. अंगठ्याला दोरा बांधून वाचत बसणारा माणूस त्यांच्यापैकी कुणी पाहिलेला नव्हता. मी पाहिलेला होता, आणि तरी मला ते सुचलं नाही.

सेलूच्या बाजारात ताडपत्र्या, दोर आणि जाळी विकणारं एक दुकान आहे. मी विणलेला दोरा मागितला तेव्हा दुकानदारानं चष्मा वर केला.

"कुनासाठी, ताई?"

"वडिलांसाठी."

"म्हाताऱ्या मानसाला तंगूस द्या. स्वस्त हाय, तुटला तरी रडायचं काम न्हाई."

"तुटू नये म्हणूनच हवाय. आणि कळायला हवं."

त्यानं आतून एक हिरवं रीळ आणलं, हातभर दोरा काढला आणि दोन्ही मुठींत धरून ताणून दाखवला. "मगरीनं बी तुटनार न्हाई."

"दुधनेत मगर कुठंय?"

"म्हनून तर गॅरंटी देतो."

दुकानात बसलेला एक जण हसला. मीही हसले आणि रीळ घेतलं.

शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी आई देवळात गेल्यावर मी ओसरीत बसून अण्णांच्या लाकडी फिरकीवरचा सगळा तंगूस उलगडला आणि त्या जागी हिरवा दोरा गुंडाळला. गाठ व्हिडिओत बघून बघून बांधली, तीन वेळा सोडली, चौथ्यांदा बसली. अण्णा खाटेवरून बघत होते. गाठ झाल्यावर त्यांनी दोरा दोन बोटांत फिरवून पाहिला.

"मऊ हाय," ते म्हणाले. "लुगड्याच्या काठावानी."

रविवारी आम्ही गेलो. त्यांनी पुस्तक बरोबर घेतलं होतं, ते मी पाहिलं. दोरा टाकला, वेढे दिले. दहा मिनिटांत त्यांचा पाय हलला.

"कळलं," ते म्हणाले. मग पुन्हा, "बाई, पार पोटरीपर्यंत कळलं."

चिलापी होती, हाताच्या तळव्याएवढी. त्यांनी ती सोडून दिली आणि पान उघडलं.

त्या काठावर एक म्हातारे भोई असायचे. त्यांचा मुलगा धरणात जाळी टाकायचा आणि ते काठावर बसून जाळ्याची भोकं शिवायचे. अण्णांना ते नोकरीपासून ओळखत होते, साहेब म्हणायचे. त्यांनी लांबून हिरवा दोरा पाहिला आणि उठून आले.

"साहेब, ह्यो कशाला बांधला पायाला?"

"लेकीनं आनलाय. लय झकास कळतंय."

"कळंल की. सुटंल का?" त्यांनी खाली बसून वेढ्यात बोट घालायचा प्रयत्न केला. "तंगूस बेइमान हाय, साहेब. ताण आला की तुमाला सोडून जातो. पायाला बेइमानच बरा. ह्यो दोरा इमानदार, ह्यो सोडायचा न्हाई."

"मोठा लागला तर कापून टाकीन."

"चाकू हाय का?"

"उद्यापासून आनतो."

"उद्या," म्हातारे म्हणाले आणि माझ्याकडं बघून मान हलवली. "ताई, तुमी शिकलेल्या. सांगा जरा त्यांना."

मी म्हणाले, "अण्णा, चाकू खरंच ठेवा." एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी साठ पानं वाचली होती. मला ते परत मिळालं होतं आणि मला ते सोडायचं नव्हतं.

पुढचे दोन आठवडे अण्णा जवळजवळ रोज गेले. जेवताना पुस्तकाविषयी बोलायला लागले. मी चाकूचं एकदा विचारलं, ते म्हणाले हो, पिशवीत आहे. मी पिशवी बघितली नाही.

तो गुरुवार होता. मी शाळेतून आले तेव्हा आई अंगणातून आतपर्यंत फरशी पुसत होती. बादलीतलं पाणी लाल होतं.

"हे काय?"

"तुझ्या अण्णाला इचार. रक्ताचे ठसे उमटवीत आले अन् खाटंवर जाऊन बसले. म्या बोलले तवा कळलं त्यांना."

अण्णा खाटेवर पाय लांब करून बसले होते. आईनं अंगठ्याला हळद दाबून फडकं बांधलं होतं.

"चप्पल काचली," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले.

ती चप्पल महिन्यापूर्वी आईनं आणलेली होती. चामड्याची, अंगठ्यात घालायची. जुनी झिजली म्हणून आईनं स्वतः बाजारात जाऊन, चांभाराशी घासाघीस करून, हातानं दाबून मऊ आहे का बघून आणली होती.

मी फडकं सोडलं. अंगठ्याच्या मुळाशी, सांध्याच्या खाली, सगळीकडून एक रेघ होती. वरच्या बाजूला पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक. खालच्या बाजूला ती उघडली होती आणि आत किती खोल गेली आहे ते दिसत नव्हतं. चपलेचा पट्टा बोटभर रुंद होता. मी अण्णांकडं पाहिलं. त्यांनी फक्त पापण्या मिटल्या आणि उघडल्या. मी हळद पुसली, पुन्हा फडकं बांधलं आणि म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

आई दारात उभी होती. "मऊ बगून आनली होती की वं," ती म्हणाली. "हातानं दाबून बगितली होती."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी तेव्हा बोलले असते तर आई अण्णांवर चिडली असती, माझ्यावर चिडली असती, चार दिवस अबोला धरला असता, आणि अण्णांचं धरणावर जाणं कायमचं बंद झालं असतं. मी त्या चार दिवसांना आणि त्या बंद होण्याला घाबरले. बाकी कशाला घाबरायला हवं होतं, ते माझ्या डोक्यात आलं नाही.

शुक्रवारी सेलूतल्या डॉक्टरांनी जखम धुतली आणि बराच वेळ बघत राहिले.

"कशानं झालं?"

"चप्पल काचली," अण्णा म्हणाले.

"गोल आहे सगळीकडून. काही बांधलं होतं का? दोरी वगैरे?"

"न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी फाईल धरून उभी होते. आई बाकावर होती, तिच्या मांडीवर ती चप्पल होती. डॉक्टरांना दाखवायला तिनं ती पिशवीत घालून आणली होती. मी काही बोलले नाही. त्यांनी चप्पल हातात घेतली, पट्टा बघितला, असल्या चपला वापरू नका म्हणाले, औषधं लिहून दिली. अंगठा काळा पडला किंवा वास आला तर एक दिवसही थांबू नका, परभणीला जा, असं दोनदा सांगितलं.

त्यानंतरचे आठ दिवस मला तासातासानं आठवतात. मी पहाटे उठून आधी त्यांच्या खाटेजवळ जायची आणि फडक्याजवळ नाक न्यायची. शाळेत मुलांना पुस्तकं देताना तारखेचा शिक्का चुकीच्या पानावर मारायची. मधल्या सुट्टीत आईला फोन करायची. "ताप आहे का?" "न्हाई." "लाल?" "हाय तसंच." अण्णांना दुखत नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं. ते निवांत वाचत बसायचे. वाचता वाचता पान उलटायचे आणि मी दारातून त्यांच्या पायाकडं बघत असायची.

चौथ्या दिवशी आई बाहेर गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले.

"अण्णा, डॉक्टरांना सांगू या."

"काय सांगायचं? जखम ती जखम. औषद तेच."

"त्यांनी विचारलं होतं."

"तुजी आई हितं बसून रडल. हातावर हात ठिवून खोटं बोललो म्हनल. बरं वाटू दे, मग मीच सांगतो."

ते मला पटलं. औषध तेच, हे मला पटलं. मी आयुष्यभर पुस्तकांत राहिले आणि एवढं मला कळलं नाही, की डॉक्टर जे विचारतो ते त्याला हवं असतं म्हणून विचारतो.

आठव्या दिवशी फडकं सोडल्यावर वास आला. अंगठ्याचं टोक जांभळं झालं होतं. आम्ही मिळेल त्या गाडीनं परभणीला गेलो. रेल्वेत अण्णांचा पाय माझ्या मांडीवर होता. समोर बसलेल्या बाईनं विचारलं काय झालं, आणि आई म्हणाली, "चप्पल. म्या आनलेली." सेलूपासून परभणीपर्यंत तिनं ते तीन जणांना सांगितलं. प्रत्येक वेळी 'म्या आनलेली' म्हणाली.

परभणीच्या सर्जननं आईला बाहेर बसायला सांगितलं. आत मी आणि अण्णा. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि अण्णांनी तेच उत्तर दिलं.

"नाही," मी म्हणाले. "दोरा होता. मासे धरायचा, विणलेला. अंगठ्याला बांधला होता. मोठा मासा लागला असणार."

अण्णांनी मान भिंतीकडं वळवली.

सर्जननं दिवा जवळ ओढला, चिमटा घेतला आणि जखमेच्या खालच्या बाजूला शोधायला लागले. बराच वेळ शोधत होते. मग चिमट्याच्या टोकाला काहीतरी आलं. त्यांनी ते पांढऱ्या कापसावर ठेवलं. हिरवा धागा होता, नखाएवढा, पिळलेला, आणि त्याच्या शेजारी आणखी एक.

"हे आत असताना जखम कशी भरेल?" ते म्हणाले. रागावून नाही म्हणाले. "आठ दिवसांपूर्वी कळलं असतं तर बरं झालं असतं."

अंगठा वाचला असता का, असं मी विचारलं नाही. त्यांनीही पुढं काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगठा काढला.

आम्ही घरी आलो, पंधरा दिवस राहिलो आणि पुन्हा परभणीला गेलो. आता पाऊल सुजलं होतं आणि ताप उतरत नव्हता. घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल, असं बोलणं चालू होतं. पण त्या आधी रक्तातलं विष कमी व्हायला हवं होतं आणि ते होत नव्हतं. मी शाळेतून रजा घेतली. दिवसा मी खाटेजवळ असायची, आई व्हरांड्यात. ती आत यायची, त्यांचं तोंड पुसायची आणि पायाकडं न बघता बाहेर जायची.

एका दुपारी मी त्यांना वाचून दाखवत होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"कटला होता," ते म्हणाले.

मी पुस्तक मिटलं.

"धा किलोच्या खाली न्हाई. दिसला एकदा, पाठ वर आली. आधी वाटलं वेढा निघंल. निघंना. पाय उचलला तर तो आनखीच ओढायला. मला काईच होईना, बाई. दुखलं असतं तर वरडलो असतो. नुसतं वाटायचं, कुनीतरी बोलावायलंय."

"चाकू?"

"घरी." ते थोडं हसले. "चाकू असता तरी म्या कापला नसता. खरं सांगतो. इतका मोठा मासा जलमात लागला न्हवता."

"मग?"

"गळच सरळ झाला. तो गेला, दोरा ढिला पडला. मग पान हुडकलं. दोन पानं वाचली. मग उठलो."

दोन पानं वाचली, हे त्यांनी सहज सांगितलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तिला सांगितलंस का?"

"नाही."

"मी सांगतो म्हनलो होतो." मग त्यांना झोप लागली. दुसऱ्या दिवसापासून ते नीट बोलले नाहीत, आणि त्यानंतरच्या सोमवारी सकाळी गेले.

तेराव्याला आमच्याकडं गुरुजींना काही वस्तू देतात. छत्री, काठी, पाण्याचा तांब्या आणि चपलांचा जोड. गेलेल्या माणसाची वाट लांबची असते, तळपायाला ऊन लागू नये म्हणून. चुलत्यांनी बाजारातून नवा जोड आणून पाटावर ठेवला. आई आतून आली, तिनं तो जोड बघितला, उचलला आणि अंगणात नेऊन टाकला.

मग आत्या, अण्णांची मोठी बहीण, उठली.

"हे काय केलंस?"

"चप्पल द्यायची न्हाई."

"देऊ न्हाई? माज्या भावाला अनवानी लावून देतीस व्हय?"

"चपलंनंच मानूस नेला. ह्या घरातून चप्पल जानार न्हाई. अन् म्या घेतलेली चप्पल, माज्या हातानं." तिचा आवाज चढला नव्हता. "दुसरं काई बी न्या. माजं डोरलं न्या. चप्पल न्हाई."

"अगं, ते शास्त्र हाय."

"आसू द्या."

चुलते गुरुजींकडं बघत होते. गुरुजी म्हणाले, काही हरकत नाही, मनानं दिलं तरी पोचतं. आत्या रडायला लागली. ती खरंच भावाच्या पायांसाठी रडत होती. लहानपणी शेतात तो अनवाणी फिरायचा, काटे तिनंच काढले होते, ते ती बोलून रडत होती. आई भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिच्याकडं सगळे बघत होते. कुणी काही म्हणत नव्हतं, पण म्हणत नसल्यामुळेच दिसत होतं की चप्पल कुणी आणली हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं.

मी तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. शेगडीवर खीर उकळत होती. मी गॅस बंद केला.

"आई, चप्पल नव्हती."

ती माझ्याकडं बघत राहिली.

"दोरा होता. अण्णा अंगठ्याला बांधायचे. तुला शब्द दिल्यावरही बांधायचे, मला माहीत होतं. तंगूस होता तोवर काही झालं नाही. मग मी नवीन दोरा आणला. तो निसटत नाही. त्यानंच कापलं. धाग्याचे तुकडे आत राहिले होते, परभणीला निघाले."

"कुनी आनला?"

"मी."

"अन् सेलूच्या डाक्टरनं इचारलं तवा?"

"मी गप्प बसले."

"म्या चप्पल घिऊन बसले होते," आई म्हणाली. "मांडीवर घिऊन."

"हो."

ती खाली बसली. बाहेर आत्याचं रडणं चालू होतं. आईनं पदरानं हात पुसले, हात कोरडेच होते तरी पुसले. मला वाटलं ती मला मारेल. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, दार उघडून अंगणात गेली आणि टाकलेला जोड उचलून आणला. पदरानं त्याची माती झटकली. पाटावर दोन्ही चपला नीट लावून ठेवल्या, डावी डावीकडं, उजवी उजवीकडं, आणि त्यांच्यापुढं डोकं टेकवलं. आत्या रडायची थांबली. आईनं कुणाला काही सांगितलं नाही, आणि त्या दिवशी सगळी पंगत तिनंच वाढली. माझ्या ताटात तिनं खीर वाढली तेव्हा तिचा हात थांबला नाही.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती खिडकीतली पुस्तकं आवरत होती. एका पुस्तकात खूण घातलेली होती. तिला वाचता येतं, पण ती वाचत नाही. तिनं ते पुस्तक उघडलं नाही, खूण काढली नाही, माझ्याकडं देऊन म्हणाली, "शाळेचं हाय ना? निऊन दे." मी दुसऱ्या दिवशी ते नेलं आणि परतीची नोंद केली.

त्याला आता काही महिने झाले. घरात आम्ही दोघी आहोत. आई माझ्याशी बोलते, भाजीचं, पाण्याचं, शेजारचं. मी शाळेतून आले की ती मला चहा देते. त्या आठ दिवसांबद्दल तिनं अजून काही विचारलेलं नाही.